वेताळाचे चाचे
आज अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके चाळताना इंद्रजाल कॉमिक्सचा, पिना गंजून पाने सुटलेला एक मराठी वेताळ (मुखवटाधारी नायक फँटमच्या चित्रकथेचा अंक) हाती लागला आणि घरी येईपर्यंत डोक्यात चाच्यांचाच विषय घोळत राहिला. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळाची चित्रकथा सुरू केली. तिच्या मूळ कथेनुसार १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटले, त्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एकमेव तरुणाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीच्या नायनाटाची शपथ घेतली आणि ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. म्हणजे येथे खलनायक आधी येतो आणि नायक त्याच्यामुळे घडतो. हेच मला फार आवडते.

(कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचाच म्हणत, त्यामुळे मराठी वाचकाने हे शिक्के जरा जपूनच घ्यावेत.)

१९६७ मध्ये ॲक्वामॅन या समुद्रातल्या महानायकाच्या अमेरिकन चित्रकथांत आलेला ब्लॅक मँटा हा चाचा मात्र वेगळ्या जातीचा. त्याच्याकडे शिडे नाहीत, पाणबुडी आहे. चेहरा मोठ्या शिरस्त्राणात झाकलेला आणि त्याच्या लाल डोळ्यांतून किरण सुटतात. १९७७ मध्ये त्याच्या हातून ॲक्वामॅनच्या तान्ह्या मुलाचा जीव गेला, आणि तेथून लूट हा विषयच मागे पडून नुसते वैर उरले. वेताळाच्या चाच्यांची टोळी भीतिदायक असली तरी त्यांतला एकही चेहरा आज मला आठवत नाही, मँटाचा तर चेहराच दिसत नसून तो विसरता येत नाही.