शिडाच्या बोटीतलं डिझेल इंजिन तेल गाळतंय? आधी ब्रीदर बघा

इंजिनाखाली तेल साचलं की पहिला संशय क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलवर जातो. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. तेल वरून खाली ओघळतं, आणि बोटीत इंजिन बहुधा मागे कललेलं असतं. त्यामुळे व्हॉल्व्ह कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) गळतीही मागच्या सीलपाशीच दिसते.

इंजिन डीग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडं करा. संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, खाली पांढरा कागद पसरा आणि इंजिन 15-20 मिनिटं लोडवर चालवा. पावडर सगळ्यात वर जिथे ओली होईल, गळती तिथेच.

पण त्याआधी क्रँककेसचा (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या कवचाचा) ब्रीदर, म्हणजे आतले वायू बाहेर सोडणारी वाट, उघडून साफ करा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर येतं. नवं सील घालूनही गळती परत येते, त्यामागे बरेचदा हेच असतं.

डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, फाटलेला असू शकतो. पातळ झालेलं तेल सगळीकडून झिरपतं, शिवाय बेअरिंग खातं. अशा वेळी इंजिन चालवूच नका.

व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका, कव्हर वाकतं. तेलाचा फिल्टर बसवताना जुनी रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपा. पत्र्याचा सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, खाऱ्या पाण्याने खालून गंजतो. आरसा धरून तेही बघाच.