वर्षभराच्या प्रवासाचं फिल्म किट : बॉडी फायनल, आता भांडण रोलवर

तर मंडळी, बॉडी आणि लेन्स ठरले एकदाचे. मागच्या अपडेटमध्ये कॅमेऱ्यांची यादी इतकी लांबली होती की वाचणाऱ्यांनाच दया आली असेल, ती आता संपली. मोठा कॅमेरा निकॉन एफएम२एन (पुढे नुसता एफएम२), त्यावर २८ एफ/२.८ आणि ५० एफ/१.८ सिरीज ई या लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), आणि खिशात ऑलिंपस एक्सए. बस्स. ज्यांना फक्त निकाल हवा होता त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी पुढे बरंच पाल्हाळ आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी आणि बायको दोघंही नोकरीतून मोठी रजा काढून निघतोय, व्हिएतनाम, लाओस, थायलंड, मग उझबेकिस्तान, जॉर्जिया, तुर्कस्तान, आणि पैसे उरले तर दक्षिण अमेरिका. पाठीवर एकेकच सॅक. आशियातल्या बऱ्याच स्वस्त एअरलाइन्स केबिनमध्ये ७ किलोच्या वर काही नेऊ देत नाहीत आणि फिल्म चेक-इनमध्ये टाकायची नसते (त्यावर खाली लिहिलंय), म्हणजे कॅमेरे, रोल, औषधं, लॅपटॉप सगळं त्या ७ किलोत. ‘डिजिटल का नाही’ हे कृपया विचारू नका, फोन आहे की.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखाच कॅमेऱ्यांच्या मागे लागलो होतो. लायका एम६ बघितला, किंमत बघितली, टॅब बंद केला. मामिया ७ चं निगेटिव्ह बघून जीव जातो हे मान्य, पण १२० च्या (रुंद फिल्मच्या) एका रोलवर ६ बाय ७ सेंटिमीटरचे १० फोटो, वर्षभर ते कोण वाहून नेणार. काँटॅक्स टी२ नि ऑलिंपस म्यू टू या खिशातल्या कॅमेऱ्यांना इंटरनेटवर जो भाव आलाय तो निव्वळ वेडेपणा आहे, आणि भावाचं सोडा, आतली इलेक्ट्रॉनिक्स गेली की कॅमेरा गेलाच, सुटे भाग कुठून आणणार. म्यू टू एका मित्राकडून आणून वापरून बघितला, लेन्स खरंच सुंदर आहे, पण प्रत्येक वेळी झाकण उघडलं की फ्लॅश परत ऑटोवर. देवळात, म्युझियममध्ये, झोपलेल्या माणसासमोर आधी बटण दाबत बसा, एकदा विसरलात की लखकन सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे. नको बाबा.

मग प्रश्नच बदलला. ‘कुठला कॅमेरा भारी’ याऐवजी ‘ताश्कंदला बॅटरी संपली, लाओसमध्ये लुआंग प्रबांगला पाणी शिरलं, तर काय’ असं विचारायला लागलो आणि यादी भराभर आटपली. ऑलिंपस ओएम-१ माझा जुना लाडका, छोटा, शांत, व्ह्यूफाइंडर तर केवढा मोठा! पण त्याच्या मीटरला (उजेड मोजणाऱ्या भागाला) १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही, मग झिंक-एअर नाहीतर ॲडॉप्टर, म्हणजे अजून एक झंझट. पेंटॅक्स के१००० दणकट आहे, १९७६ पासून १९९७ पर्यंत उगाच नाही बनवत राहिले, पण शटर १/१००० सेकंदाला संपतं, त्याहून झटपट उघडझाप नाही. आता हिशोब बघा. कडक ऊन, आयएसओ ४०० चा रोल (आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो), सनी सिक्स्टीन (कडक उन्हात एफ/१६ ला शटर १/आयएसओ, हा ठोकताळा) लावलात तर एफ/१६ ला १/४००. के१००० वर एफ/११ च्या पुढे उघडताच येत नाही, एफ/८ ला १/१६०० मागतो, कुठून देणार. एफएम२ ला १/४००० आहे, म्हणजे भर दुपारी एफ/५.६ पर्यंत आरामात. एकच स्पीडचा रोल घेऊन फिरायचं असेल तर हा फरक किरकोळ नाही.

आणि दुसरं म्हणजे शटर पूर्ण मेकॅनिकल. दोन एलआर४४ बटण सेल लागतात ते फक्त मीटरसाठी, संपले तरी सगळे स्पीड चालतात. पेंटॅक्स एमएक्स पण असाच आहे आणि थोडा हलकाच भरतो, तिथे मी बराच अडकलो होतो, पण शटर तिथेही १/१००० आणि निकॉनची २८ माझ्याकडे आधीपासून होती, त्यामुळे विषय संपला. ती २८ एफ/२.८ एआयएस वीस सेंटिमीटरपर्यंत फोकस करते, म्हणजे समोरचं फोचं (व्हिएतनामी नूडल सूपचं) वाफाळतं भांडंही येतं आणि त्याच लेन्सनं गल्लीही येते. ५० सिरीज ई निकॉननं त्या काळी स्वस्तातली म्हणून काढली होती, बरेच लोक नाक मुरडतात, मुरडू देत. चपटी आहे, दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि दोन्ही लेन्सना ५२ एमएमचा फिल्टर बसतो, म्हणून एकच पिवळा फिल्टर घेतला.

बॉडी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात मिळाली. कुठल्यातरी लग्नाच्या स्टुडिओतून आलेली असणार, तळाची प्लेट ट्रायपॉडनं घासून पितळ दिसतंय, पण आतून स्वच्छ. पुण्यात आणून आमच्या कॅमेरावाल्या काकांकडे दिली. काकांनी लेन्स काढली, मागचं दार उघडलं, कॅमेरा ट्यूबलाइटसमोर धरला आणि एक सेकंदापासून एकेक स्पीड मारत गेले. एक सेकंद, अर्धा, पाव, एकाष्टमांश. बघत नव्हतेच म्हटलं तरी चालेल, कान लावून ऐकत होते. १/८ ला थांबले, परत मारलं, परत मारलं, म्हणाले, “हा जरा आळशी आहे, तेलपाणी करावं लागेल. बाकी घोडा आहे.” मी विचारलं काका एक्सए पण आणू का दाखवायला, तर म्हणाले, “अरे तो बंद पडला की फेकायचा, आणि चालतोय तोवर अजिबात उघडायचा नाही. माझ्याकडे नको आणूस.” एवढं स्पष्ट मत मला कुठल्या यूट्यूब रिव्ह्यूमध्ये मिळालं नव्हतं.

दाराच्या खाचेतला जुना फोम चिकट डांबरासारखा झाला होता. तो काकांनी काडीनं खरवडून काढला आणि त्या खाचेत चक्क काळी लोकर बसवली, स्वेटरची. म्हणाले फोम पुन्हा दहा वर्षांनी विरघळणार, लोकरीला काही होत नाही. आरशाच्या वरच्या पट्टीला मात्र नवीन फोमच लावला, तिथे आरसा आपटतो, लोकर चालत नाही.

एक तक्रार मात्र आहे. एफएम२ चं मीटर चालू करायला वाइंड लिव्हर थोडी बाहेर ओढून ठेवावी लागते, ती आत असेल तर शटरही लॉक. मी डाव्या डोळ्यानं बघतो. म्हणजे लिव्हर बरोबर कपाळात. हे चष्मेवाल्या, डाव्या डोळ्यावाल्या लोकांनी घेण्याआधी हातात धरून बघाच.

आता एक्सए. १९७९ चा, योशिहिसा मैतानींचं डिझाइन, २२५ ग्रॅम, ३५ एमएम एफ/२.८, आणि एवढ्याशा डबीत खरा रेंजफाइंडर (ठिपक्यातल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची सोय). बॅटरीशिवाय चालत नाही हे खरं, पण त्याला लागतात दोन एलआर४४ च, तेच सेल जे एफएम२ ला लागतात! तिथेच मी फिदा झालो. एक पाकीट सेल, दोन्ही कॅमेरे खुश. शिवाय आयएसओ हातानं लावता येतं, डीएक्स कोडची (रोलच्या डबीवरून कॅमेऱ्यानं आपोआप आयएसओ वाचायची) भानगड नाही.

त्याची टेस्ट मंडईत सकाळी सकाळी केली, भाजीच्या गाड्या उतरतात त्या वेळी, पिवळे बल्ब, गर्दी, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत बसलेल्या मावश्या. एक्सएचा रेंजफाइंडरचा ठिपका तिथे जवळजवळ दिसतच नव्हता. यावर एक जुना उपाय आहे, व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर मधोमध काळ्या टेपचा अगदी बारका तुकडा लावायचा, ठिपका एकदम उठून दिसतो. लावला, फरक पडला. नाहीतर कॅमेऱ्यावर नारिंगी खुणा आहेतच, एफ/५.६ आणि ३ मीटर, त्या लावून टाकल्या की साधारण दोन ते पाच मीटरमधलं सगळं शार्प, बघायचं आणि दाबायचं. कोपरे थोडे काळवंडतात, मला आवडतं.

बायकोचं मत पेंटॅक्स १७ घ्यावा असं होतं, २०२४ ला आलेला नवाकोरा हाफ फ्रेम, ३६ च्या रोलवर ७२ फोटो, म्हणजे अर्धे रोल, अर्धं वजन. मुद्दा तगडा आहे, माझ्याकडे धड उत्तरही नव्हतं. पण त्याला सीआर२ बॅटरी, म्हणजे वेगळा साठा, आणि फोकस झोननं (जवळ, मध्यम, लांब अशा टप्प्यांनी) अंदाजे. तिनं शेवटी ‘कर तुला काय करायचं ते’ म्हटलं, याचा अर्थ विवाहितांना सांगायला नको.

मग रोल. इथे खरी डोकेफोड. एफएम२ मध्ये कृष्णधवल इलफर्ड एचपी५ प्लस (आयएसओ ४००), एक्सएमध्ये रंगीत कोडॅक गोल्ड २००, तिसरं काही नाही. पोर्ट्रा ४०० चे रंग हवेत हे मलाही कळतं हो, पण वर्षभराचा खर्च जोडला तेव्हा एका देशात फिरण्याचं बजेट निघालं. एचपी५ चा फायदा असा की लागेल तसा ओढता येतो, म्हणजे जास्त आयएसओ धरून फोटो काढायचे आणि लॅबला जास्त वेळ धुवायला सांगायचं (यालाच पुश करणं म्हणतात). ताश्कंदच्या मेट्रोत फोटो काढायला २०१८ पासून परवानगी आहे, ती स्टेशनं मला काढायचीच आहेत, तिथे पूर्ण रोल १६०० ला मारणार आणि लॅबला पुश करायला सांगणार. रोलवर मास्किंग टेप लावून त्यावर आयएसओ आणि देश लिहायचा, नाहीतर दोन महिन्यांनी सगळ्या डब्या सारख्याच दिसतात.

निघताना फक्त २० रोल. उघडे रोल साधारण पंचवीस-तीस ग्रॅमचे असतात, म्हणजे अर्धा किलो. बाकी वाटेत. सायगॉन आणि बँकॉकला फिल्म आणि लॅब दोन्ही मिळतात, तिथली तरुण मंडळी आपल्यापेक्षा जास्त फिल्म मारतात.

एक्सरेबद्दल सगळेच विचारतात म्हणून सविस्तर. चेक-इन बॅगेत फिल्म कधीच नाही, तिथलं मशीन जास्त ताकदीचं. केबिनचं जुनं साधं एक्सरे मशीन ४०० पर्यंतच्या रोलला दोन-चार वेळा फार काही करत नाही, पण डोस साठत जातो आणि आमची विमानं बरीच. खरी भीती नव्या सीटी स्कॅनरची, त्यातून एकदा गेला तरी रोल फॉग (धुरकट) होऊ शकतो, कोडॅकचाही सल्ला हाच की त्यातून नेऊच नका. ओळखायचं कसं, तर मशीन जाडजूड गोलसर असतं, ऑपरेटरच्या स्क्रीनवर बॅग थ्रीडीत फिरते, आणि तुम्हाला ‘लॅपटॉप बाहेर काढू नका’ सांगतात. असं कानावर आलं की हात वर करायचा. सगळे रोल खोक्यातून, डबीतून काढून एका पारदर्शक झिपलॉकमध्ये, वर दिसेल असा एक डेल्टा ३२०० चा रोल (तो वापरायचा नाही, तो फक्त दाखवायचा आहे, कारण ८०० आयएसओच्या वर म्हटलं की हँड चेकला (मशीनऐवजी हातानं तपासायला) लोक लवकर तयार होतात). कॅमेऱ्यात रोल असेल तर तो पण एक्सरेमध्ये जातो हे बरेच जण विसरतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी रोल संपवायचा. शिशाच्या पिशव्या घेऊ नका, मशीनवर काळा डाग दिसला की बॅग उघडणारच, मग आधीच हातात का देऊ नये.

गेल्या देशांतर्गत प्रवासात रंगीत तालीम करून बघितली. सिक्युरिटीवरचा पोरगा विशीतला, त्यानं रोल हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, “सर, ये क्या है?” कॅमेऱ्याचा रोल म्हटलं, त्याला काही बोध होईना, मागचे साहेब आले, त्यांनी बघितलं आणि हसले, “अरे रील है रील, जाने दे.” स्वॅब (स्फोटकं तपासायचा कपडा) मारला, दिला परत. त्या साहेबांच्या वयाची माणसं रिटायर झाली की आपली पंचाईत आहे.

एक्स्पोज झालेले रोल घरी पोस्टानं पाठवायचा विचार सोडला, पार्सलंही स्कॅन होतात. त्याऐवजी मोठं शहर आलं की तिथेच डेव्हलप करायचं, एकदा धुतलेल्या निगेटिव्हला एक्सरेचं काही होत नाही. लॅबला आधीच विचारा निगेटिव्ह परत मिळणार का, काही ठिकाणी फक्त स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह काही दिवसांनी टाकून देतात. बुरशीसाठी सिलिका जेलच्या पुड्या लेन्ससोबत, कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

सध्या उरलंय ते एवढंच : काकांकडून एफएम२ चे स्लो स्पीड दुरुस्त होऊन यायचेत, मग त्यावर एक एचपी५ आणि एक गोल्ड मारून बघेन. आणि एक मदत हवी आहे. जॉर्जियातून तुर्कस्तानात सारपीच्या बॉर्डरनं बसनं कुणी गेलंय का? तिथे बॅगा मशीनमधून जातात तेव्हा रोल हातात देऊ देतात का, की वाद घालतात? वाद असेल तर तिबिलिसीलाच सगळं धुवून घेईन आणि बॉर्डरला फक्त कोरे रोल घेऊन जाईन.