नमुन्याच्या आकाराचा रकाना आणि अडकलेला प्रस्ताव

लघुप्रबंधासाठी सर्वेक्षण करणार असाल तर हे आधी वाचा. विषय, प्रश्नावली, मार्गदर्शकांची सही, सगळं सुरळीत झालं. माझा प्रस्ताव अडकला तो 'नमुन्याचा आकार व त्याचे समर्थन' या एका रकान्यात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझी समष्टी, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा तो सगळा गट, विद्यापीठातले सुमारे ४०,००० विद्यार्थी. मुख्य प्रश्न साधा: गेल्या आठवड्यात ग्रंथालयात गेलात का? त्यातून प्रत्यक्ष विचारायचे ते लोक, म्हणजे नमुना, मी ३८१ जणांचा लिहिला होता. छाननी समितीचा शेरा आला: 'नमुना समष्टीच्या किमान १० टक्के असावा.' म्हणजे ४,००० जण, आणि विचारत फिरणारी मी एकटी! नियम कुठला, असं विचारलं तर 'पहिल्यापासून असंच आहे.' हिशेब जोडून पुन्हा दिला, पुन्हा तोच शेरा.

मुळात टक्केवारीला इथे आधारच नाही. अंदाज किती अचूक येणार हे नमुन्यात माणसं किती यावर ठरतं. समष्टी बऱ्यापैकी मोठी असली की ती नेमकी किती मोठी, याने जेमतेम फरक पडतो. ९५ टक्के विश्वास पातळी (असे १०० नमुने काढले तर साधारण ९५ वेळा अंदाज ठरलेल्या मर्यादेत येतो) हवी असेल तर तिचा ठरलेला गुणक १.९६ घ्यायचा. अंदाज ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर ०.०५. 'हो' म्हणणारे किती निघतील ठाऊक नसतं, म्हणून प्रमाण ०.५ धरायचं, कारण तिथेच सर्वांत मोठा नमुना लागतो. १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग: ३८४.१६. समष्टी मर्यादित असल्याची दुरुस्ती केली की ४०,००० साठी ३८१.

शेवटी वाद सोडला आणि एक छोटा तक्ता जोडला. समष्टी ४०० असेल तर नमुना १९७, ४,००० ला ३५१, ४०,००० ला ३८१, ४ लाखांना ३८४. खाली एकच ओळ: १० टक्क्यांच्या नियमाने ४०० जणांतून फक्त ४० घेतले, तर अंदाज जवळजवळ १५ टक्के इकडेतिकडे जाऊ शकतो. म्हणजे हा नियम मोठ्या समष्टीत फुकट राबवतो आणि छोटीत कमी पडतो. तक्ता पाहिल्यावर प्रस्ताव मंजूर झाला. सूत्र लिहून जे जमलं नाही ते चार आकड्यांनी केलं, तेव्हा तुम्ही तक्ता पहिल्याच वेळी जोडा.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. हे ३८१ जण निवडणार कसे, हे कुणी विचारलंच नाही! १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली होती. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून, त्यातही उत्तर पाठवणारे तेवढेच मोजले गेले. ग्रंथालयाच्या दारात उभं राहून माझा प्रश्न विचारला असता, तर ४,००० काय, १०,००० जणांनीही काही कळलं नसतं.

म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांची यादी मिळवा, अनुक्रमांक द्या आणि संगणकावर यादृच्छिक संख्या काढून नावं निवडा. यादीसाठीचा अर्ज अगदी सुरुवातीला टाका, तिला वेळ लागतो. निवडलेला भेटला नाही म्हणून शेजारी बसलेल्याला विचारू नका. ७० टक्के उत्तरं येतील असं वाटत असेल तर आधीच ५४५ नावं काढा. त्यातून सहज भेटणारेच तेवढे उरू नयेत, म्हणून न भेटलेल्यांच्या मागे लागावंच लागतं.

विश्लेषणात फार अडचण आली नाही. एवढंच, की ग्रंथालयातल्या तासांचा नुसता मध्य (सरासरी) देऊ नका. पाच जणांचे तास १, २, २, ३, २२ असतील तर मध्य ६ येतो, जो त्यातल्या कुणालाच लागू पडत नाही. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, २ येतो. दोन्ही द्या, सोबत प्रमाण विचलनही, म्हणजे आकडे मध्याभोवती किती पसरलेत त्याचं माप.

आणि हो, विद्याशाखांप्रमाणे वेगवेगळे निष्कर्ष हवे असतील तर ३८१ पुरत नाहीत. प्रत्येक शाखेची समष्टी वेगळी धरून तिचा नमुना वेगळा काढावा लागतो, आणि ते प्रस्तावातच लिहावं लागतं.