बोर्दोची बिनतारेची ट्रॅम: आईचे गुडघे, माझी बॅग आणि दगडी पूल

पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान रेल्वेने, साधारण दोन तासांत नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बोर्दो शहरात पोचलो. सां-जां स्टेशनच्या दारातच ट्रॅमच्या सी लाइनचा थांबा आहे. आईचे गुडघे दुखरे, म्हणून टॅक्सीच करणार होतो. पण समोर ट्रॅम येऊन उभी राहिली आणि तिची जमीन नि फलाट एकाच पातळीवर! एकही पायरी नाही. आई माझ्या आधी आत जाऊन बसलीसुद्धा. पुढचे तीन दिवस आम्ही टॅक्सीचं नाव काढलं नाही.

ट्रॅम जुन्या शहरात शिरली तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दोन थांबे गेल्यावर कळलं, डोक्यावर तारच नाही. खांबही नाहीत. उतरून खाली वाकून पाहिलं, तर दोन रुळांच्या मधोमध तिसरी सपाट पट्टी, फरसबंदीशी अगदी समतल. वीज त्या पट्टीतून येते. 8 मीटरचा वाहक तुकडा, मग 3 मीटर विजेला अडवणारा, परत 8 मीटर, अशी ती रचना. ट्रॅम वर असेपर्यंतच खालचा तुकडा जिवंत होतो, ती पुढे सरकली की मेला. आमच्यासमोर एक पोरगं त्या पट्टीवर लंगडी घालत होतं आणि त्याची आई निवांत फोनवर बोलत होती. आपण मात्र सवयीने जपून पलीकडे पाय टाकतो!

हा सगळा खटाटोप देखाव्यासाठी. अठराव्या शतकातल्या दगडी इमारतींसमोर तारांचं जाळं नको, असा आग्रह होता. सुरुवातीची काही वर्षं ही यंत्रणा सारखी बंद पडायची आणि लोक वैतागायचे. शहराच्या वेशीकडे तार आहेच. जुना भाग संपला की ट्रॅम एका थांब्यावर थांबते, छपरावरचा पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा सांगाडा, हळूच वर येऊन तारेला टेकतो आणि गाडी पुढे निघते. ही गंमत फलाटावर उभं राहून बघा, आत बसून कळत नाही.

इथली जुनी ट्रॅम 1958 मध्ये बंद झाली होती. पुढे भुयारी मेट्रोचा बेत बराच काळ चालला आणि खर्चापायी बारगळला. 1995 मध्ये आलँ जुपे महापौर झाले, त्यांनी ट्रॅमचा आग्रह धरला आणि डिसेंबर 2003 मध्ये पहिली लाइन सुरू झाली. मला विचाराल तर खरी करामत ट्रॅमची नाहीच. रुळ टाकायच्या निमित्ताने रस्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उखडला आणि परत बांधताना मोटारींना त्यात फारशी जागाच ठेवली नाही, ती खरी करामत. मोटारी तशाच ठेवून ट्रॅम घातली असती तर तीही त्याच कोंडीत अडकली असती. कॅथेड्रलसमोरच्या पे-बेर्लाँ चौकात अर्धा तास बसा म्हणजे पटेल. सुमारे 44 मीटर लांबीची गाडी कॉफी पिणाऱ्यांच्या शेजारून जाते आणि ऐकू येते फक्त घंटा. धुराचा वासही नाही. फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुऊर्जेतून येते, त्यामुळे धूर इथून काढून दुसऱ्या गावाच्या माथी मारलाय असंही फारसं म्हणता येत नाही.

प्लास द ला बूर्स या नदीकाठच्या चौकासमोर पाण्याचा आरसा आहे, जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी. आरशापलीकडून ट्रॅम जाते तेव्हा प्रतिबिंबात ती उलटी धावते. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. हिवाळ्यात मात्र पाणी बंद असतं.

दगडी पूल, म्हणजे पों द पिएर, 1822 चा, 17 कमानींचा. खाजगी मोटारींना तो 2017 पासून बंद आहे. जाताना चालत जा, गारोन नदी बघत. येताना पाय दुखले तर ए लाइन आहेच.

आता तिकिटाचं. ड्रायव्हर तिकीट देत नाही, फलाटावरच्या यंत्रातून आधी घ्या. आत शिरल्याबरोबर ते यंत्राला दाखवायचं, आणि गाडी बदलली की प्रत्येक वेळी पुन्हा. एका तासात बदललीत तर तेच तिकीट चालतं, पण दाखवायचं विसरलात तर तपासनीस ऐकून घेत नाहीत. आम्ही पहिल्या दिवशी विसरलो होतो, कुणी आलं नाही ही नशिबाची गोष्ट.

लाइनचं अक्षर बघून चढू नका. पुढे फाटे फुटतात. मी अक्षर बघितलं, पाटीवरचं शेवटचं ठिकाण नाही, आणि आम्ही भलत्याच उपनगरात पोचलो. आई म्हणाली, "बरं झालं, फुकटात गाव दाखवलंस." विमानतळापर्यंतही 2023 पासून ट्रॅम जाते, पण बरेच थांबे आहेत, घाईत असाल तर वेळ हाताशी ठेवा. ऑफिसच्या वेळेला गर्दी सडकून असते, तेव्हा बॅगा घेऊन चढायच्या भानगडीत पडू नका. मोटारीने येणाऱ्यांनी शहराबाहेरच्या ट्रॅमच्या थांब्यांजवळ गाडी लावावी, तिथे वाहनतळ आहेत.

आणि हो, बॅगेची चाकं. पोर्त द बुर्गोन्यच्या कमानीपाशी रूळ ओलांडताना माझ्या बॅगेचं चाक रुळाच्या खाचेत गच्च बसलं. मागून घंटा वाजत होती. एका आजोबांनी काही न बोलता बॅग उचलून माझ्या हातात दिली, ट्रॅमला हात केला आणि ती पुढे गेली. तेव्हा रूळ काटकोनात ओलांडा, आणि भाड्याची सायकल घेतलीत तर विशेष करून.