चिऊ रात्रभर झोपायला लागली त्याची गोष्ट

चिऊच्या पहिल्या वाढदिवसाला घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने मला एकच विचारलं, आता रात्री झोपते ना नीट? आणि मी प्रत्येकीला हो हो म्हणून सांगितलं. खरं तर त्याच्या आदल्या रात्री ती सहा वेळा उठली होती. मी कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलने रेघा मारायचे, एकदा उठली की एक रेघ, आणि फेब्रुवारीच्या पानावर पाचच्या खाली एकही चौकट नव्हती.

मैत्रिणींनो ज्यांच्या घरी आत्ता हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. माझी चुलतबहीण गेल्या आठवड्यात फोनवर रडली म्हणून आज बसलेच लिहायला.

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके, हॉलमधे सासू-सासरे आणि बेडरूममधे आम्ही तिघं. बेडरूमच्या हुकाला आईंच्या म्हणजे सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची झोळी, तिला स्प्रिंग, आणि झोळीला बांधलेली दोरी माझ्या हातात. पहिले आठ-नऊ महिने ही झोळी म्हणजे देवच होती आमच्यासाठी, पोटात दुखतंय म्हणून रडणारं बाळ त्यात पाच मिनिटांत शांत व्हायचं, मी काही तिला नावं ठेवणार नाही. पण झालं काय की चिऊला झोप म्हणजे हलणं हेच माहीत झालं. रात्री अकराला मी दोरी ओढत ओढत झोपवायचे, बारा-एकपर्यंत बरी झोपायची आणि मग दर तासाला चुळबुळ, किरकिर, मग टाहो. दोरी ओढली की गप्प. नाहीतर अंगावर घेतलं की गप्प. मी झोपेतच दोरी ओढायचे, हाताला खरंच घट्टे पडले होते.

मग मार्चमधे एका रात्री पावणेतीनला मला जाग आली ती तिच्या रडण्याने नाही, स्प्रिंगच्या आवाजाने. बघते तर ही झोळीत उभी. दोन्ही हातांनी साडीची कड धरून, अर्धी बाहेर वाकून. मी कशी उठले मला आठवत नाही, पण धरलं तिला. त्यानंतर सकाळपर्यंत मला झोप नाही आली, मी तिला छातीशी घेऊन बसून राहिले. मूल उभं राहायला लागलं की झोळीचा काळ संपला, हे कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं म्हणून मी तुम्हाला सांगतेय. तुमचं बाळ धरून उभं राहत असेल तर कृपा करून रात्रभर झोळीत ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. आमच्या डॉक्टर बाई शांत आहेत, त्यांनी आधी मला विचारलं की तुझी स्वतःची झोप किती होते, आणि मी तिथेच रडले. मग त्यांनी जे समजावलं त्याने माझ्या डोक्यातला गुंता बराच सुटला. त्या म्हणाल्या, रात्रभर न उठणारं बाळ असं काही नसतंच. लहान मुलांच्या झोपेची एक फेरी साधारण पन्नास ते साठ मिनिटांची असते, आपली दीड तासाची. फेरी संपली की सगळेच अर्धवट जागे होतात, आपणही होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि परत झोपतो, सकाळी आठवतही नाही. रात्रीच्या पहिल्या भागात झोप गाढ असते म्हणून ती तेव्हा उठत नाही, नंतर झोप सावध होत जाते. अशा वेळी बाळाचे डोळे उघडले आणि झोपताना जे होतं ते सगळं गायब असेल, हलणं नाही, आई नाही, तोंडात दूध नाही, तर ते घाबरणारच ना. तू पलंगावर झोपलीस आणि जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात असलीस तर तू ओरडशील की नाही, असं त्यांनी विचारलं.

म्हणजे प्रश्न ती उठते हा नव्हताच, उठल्यावर तिला एकटीने परत झोपता येत नव्हतं हा होता.

त्यांनी अजून एक केलं, रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.८ आलं, या वयात ते निदान ११ तरी पाहिजे. मला केवढा धक्का बसला, आपण घरात इतकं करतो आणि तरी? पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांमधे महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्त कमी असलेली होती, म्हणजे दहातली जवळजवळ सात, आपल्याच घरांतली. लोह कमी असलेल्या मुलांची झोप अस्वस्थ असू शकते, सारखी हातपाय हलवत राहतात. चिऊ रात्री पाच वेळा अंगावर प्यायची, सकाळी उठली की भूक नाही, मग दुपारी जेवणाऐवजी वरच्या दुधाची बाटली, नाचणीची खीर दोन चमचे, वरणभात थुंकून द्यायची. म्हणजे पोट रात्री भरत होतं आणि दिवसा ते परत दुधानेच, आणि गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, वरचं दूध दिवसाला दोन लहान कपांवर आणायला सांगितलं, बाटली बंद, जेवणात पालेभाजी, डाळ, अंडं आणि वर लिंबू पिळायचं. तर आधी हे तपासून घ्या. घोरणं, तोंडाने श्वास घेणं, कानाचं दुखणं, हेही विचारा. दुखणाऱ्या बाळाला सवय लावत बसणं हा अन्याय आहे.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो चिऊचा नव्हता, नवऱ्याचा होता.

त्याचं ऑफिस परळला. संध्याकाळी आठला निघतो, लोकल, मग रिक्षाची रांग, घरी पोचायला पावणेदहा. चिऊने बाबाला भेटावं म्हणून आम्ही तिला संध्याकाळी साडेसहाला मुद्दाम झोपवायचो, साडेसातला उठवायचो, आणि मग बाबा आला की दंगा, उड्या, खिदळणं, अकरा वाजायचे. डॉक्टर म्हणाल्या संध्याकाळची झोप बंद करा आणि साडेआठला झोपवा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, चिऊची कशीबशी दहा होत होती, आणि मूल जास्त दमलं की नीट झोपत नाही, उलट जास्त उठतं. हे आपल्याला पटत नाही पटकन, आपल्याला वाटतं उशिरा झोपवलं की गाढ झोपेल.

घरी येताना तो गप्प होता. रात्री म्हणाला, मग मी तिला बघायचं कधी? मला उत्तर देता येईना. डोंबिवली, बदलापूर, विरार, किती घरांमधे हे असेल, बाप घरी येतो तेव्हा बाळ झोपलेलं. शेवटी त्याने स्वतःच ठरवलं की सकाळची वेळ माझी. तो आता साडेसहाला उठतो, चिऊही तेव्हाच उठते, तिचं तोंड धुणं, नाश्ता, गॅलरीत कबुतरं दाखवणं, पावणेआठपर्यंत सगळं तोच करतो. पहिले काही दिवस रात्री घरी आल्यावर तो बेडरूमच्या दाराशी नुसता उभा राहायचा.

आम्ही एकेक गोष्ट बदलली, सगळं एकदम नाही, आणि मला वाटतं म्हणूनच जमलं. आधी फक्त वेळ. दुपारची झोप साडेतीनच्या पुढे जाऊ द्यायची नाही. साडेसातला वरणभात तूप, मग कोमट पाण्याने अंग पुसणं, दिवे बारीक, हॉलमधला टीव्ही बंद. टीव्ही बंद करणं सासऱ्यांनी आपणहून केलं, त्यांची मालिका आठची, ते आता हेडफोन लावून मोबाईलवर बघतात, माझ्या मनात हे कायम राहील. मग बेडरूममधे अंगावर पाजायचे, पण डोळे मिटायच्या आत बाजूला, आणि मग आई अंगाई म्हणायच्या. रोज तीच, त्याच क्रमाने. आठवड्याभरात ती साडेआठला पेंगायला लागली.

मग झोळी. ती एका दिवसात नाही काढली. आधी झोप लागेपर्यंत हलवायचे ते पेंगेपर्यंत हलवून थांबायला लागले. मग जमिनीवर पातळ कडक गादी, बाजूला मी, आणि थोपटणं. पहिल्या रात्री पन्नास मिनिटं रडली. मी बाजूलाच होते, हात तिच्या पाठीवर, तोंडाने हूंऽ हूंऽ चालू. तिला खोलीत एकटं रडत ठेवायचं हे मला जमणार नव्हतं आणि वन बीएचकेमधे ते शक्यही नाही. ज्या आया तसं करतात त्यांना मी बोल लावणार नाही, मेलबर्नला केलेल्या एका अभ्यासात बाळांना बेताबेताने झोपायला शिकवलं होतं, रडू दिलं तरी थोड्या थोड्या वेळाने आई परत जवळ जायची, पूर्ण एकटं सोडून देणं त्यात नव्हतं, आणि ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा काही अपाय दिसला नाही (तो २०१२ मधे छापून आला). पण आम्हाला हळू जायचं होतं. दुसऱ्या रात्री पस्तीस मिनिटं, तिसऱ्या रात्री परत पन्नास, चौथ्या रात्री पंधरा. शेजारच्या काकूंनी सकाळी दार वाजवून विचारलं, बाळाला बरं नाहीये का गं? मी त्यांना बसवून चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी नंतर कधी काही म्हटलं नाही, उलट एका रात्री ती लवकर गप्प झाली तर सकाळी त्यांनीच विचारलं, काल छान झोपली ना.

शेवटी रात्रीचं दूध. वर्षाचं निरोगी मूल दिवसा पोटभर जेवत असेल तर रात्री भुकेसाठी दुधाची गरज नसते, असं डॉक्टरांनी सांगितलं (वजन कमी असेल तर विचारूनच करा). दर दोन दिवसांनी पाजणं दोन मिनिटांनी कमी. दहाची आठ, आठची सहा, असं. शेवटची दोन फीड मात्र जाईनात, मी जवळ असले की तिला दुधाचा वास येतो. तिथे नवरा पुढे आला. म्हणाला आजपासून पहिली हाक माझी, तू बाहेर झोप. मी आईंच्या शेजारी हॉलमधे गादी टाकली. ती रडायला लागली, आतून त्याचा आवाज येत होता, मी आहे ना, बाबा आहे ना, परत परत तेच, चाळीस मिनिटं. माझी छाती दुधाने दगड झाली होती आणि मी उशीत तोंड घालून पडले होते. आईंनी माझा हात धरून ठेवला. त्यांनीच मग त्या रात्री सांगितलं की त्यांची आजी गिरणीत कामाला होती, आणि बाळाने झोपून राहावं म्हणून बायका बाळगोळी द्यायच्या, अफूची. मला खोटं वाटलं, नंतर वाचलं तर १९२० च्या दशकातल्या मुंबईच्या गिरणी कामगार बायकांबद्दलच्या लिखाणात हे खरंच आहे. तान्ही पोरं घरी टाकून गिरणीत जाणाऱ्या त्या बाया, त्यांना कोण विचारणार होतं तू किती झोपलीस म्हणून. आणि सर्दीचं औषध पाजलं की मूल झोपतं असं मला आजही दोघीतिघींनी सुचवलंय. नका देऊ गं. झोपेसाठी औषध डॉक्टरांना न विचारता कधीच नाही.

पाच रात्री. सहाव्या रात्री ती उठली, दोन मिनिटं कुरकुरली आणि आपली आपण कुशीवर वळली. नवऱ्याने सकाळी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

सरळ रेषेत काही झालं नाही. एप्रिलमधे दाढा यायला लागल्या आणि चार रात्री गेल्या, मे महिन्यात माझ्या माहेरी साताऱ्याला गेलो तिथे सगळं विसरली, आईच पाहिजे. या वयात आई दिसेनाशी झाली की घाबरणं अगदी नेहमीचं असतं, दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत चालू शकतं ते. ताप असेल तेव्हा मी सरळ जवळ घेते, पाजतेसुद्धा, नियम गेला खड्ड्यात. बरी झाली की परत तोच क्रम, वरणभात, अंग पुसणं, अंगाई, आणि दुसऱ्या वेळी दोन-तीन रात्रींतच गाडी रुळावर आली.

अजून एक आकडा माझ्या बहिणीसाठी लिहून ठेवते कारण मला त्याने फार धीर दिला. २०१८ मधे कॅनडातल्या संशोधकांनी आयांना विचारून बघितलं तर वर्षाच्या मुलांपैकी साधारण २८ टक्के सलग सहा तास झोपत नव्हती आणि ४३ टक्के सलग आठ तास झोपत नव्हती. आणि त्या मुलांच्या वाढीत काही कमी दिसलं नाही. बाई गं तुझं बाळ बिघडलेलं नाहीये, तू त्याला बिघडवलेलं नाहीस. तुला झेपत नसेल तर बदल कर, झेपत असेल तर नको करू.

हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी ११.४ आलं. झोळीची साडी आईंनी धुऊन घडी करून कपाटात ठेवलीय, तिची गोधडी शिवायची म्हणतात. जूनच्या पानावर मी काल बघितलं, एकोणीस चौकटी कोऱ्या आहेत.