अनामतीची पावती कुणाच्या नावावर?

सोलापुरातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे यंदाचे चारही कार्यक्रम झाले. डिसेंबरात एकांकिका, जानेवारीअखेर नाट्यपदांची मैफल, फेब्रुवारीत दोन अंकी नाटक, मेमध्ये बालनाट्य. त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला लिहायचंय ते सभागृहाच्या अनामतीबद्दल. दहा हजार रुपये जूनमध्ये परत मिळायचे, ते हातात पडले दिवाळीच्या तोंडावर. (सभागृहाचं नाव विचारू नका, पुढच्या वर्षीही तिथंच जायचंय.)

चूक माझीच. तारखा घ्यायला खिडकीशी मी उभी होते. "नाव?" म्हणाले, मी माझं सांगितलं. अनामतीची पावती माझ्या नावावर फाटली. भाडं मात्र प्रत्येक वेळी संस्थेच्या चेकने भरलं. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

जूनमध्ये अर्ज दिला. "मूळ पावती लावा." लावली. पुढच्या आठवड्यात, "मीटरचं रीडिंग आलं नाही अजून, सोमवारी या की ओ." सोमवारी साहेब मीटिंगला. त्यानंतर कधीतरी कारकुनाने फाइल उघडली आणि म्हणाला, "पैसे संस्थेच्या खात्यात मागताय, पावती तुमच्या नावावर. कसं करायचं, सांगा तुम्हीच." म्हटलं, मग माझ्या खात्यात द्या. "तसं कसं? भाडं संस्थेनं भरलंय की."

यावर काय बोलणार! मग संस्थेचा ठराव मागितला. तो दिल्यावर रद्द केलेला चेक. तोही दिल्यावर हमीपत्र, स्टॅम्प पेपरवर. शंभराचा स्टॅम्प आता बंद, पाचशेचा घ्यावा लागला. एकदम सगळं सांगितलं असतं तर एका फेरीत झालं असतं, पण दर वेळी एकच कागद. बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून जायचं, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उन्हात रिक्षात बसून मनातल्या मनात भांडायचं. ऑगस्टमध्ये त्या कारकुनाची बदली झाली आणि फाइलच सापडेना. आधीच्या दोन अर्जांची पोहोच मी घेतलीच नव्हती. तिसऱ्याची होती, तिच्यावरचा आवक क्रमांक बघून नव्या बाईंनी गठ्ठ्यातून फाइल काढली. नऊ दिवसांत पैसे जमा. त्या बाईंना मी शेंगाचटणीचं पाकीट द्यायला गेले, त्यांनी घेतलं नाही.

तर कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, समोरचा कितीही ओळखीचा असो.

आणखी आठवलं ते सांगते. एकांकिका नव्या लेखकाच्या असतील तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) आधीच पाठवा, प्रमाणपत्राशिवाय प्रयोग लावता येत नाही. आमचं अगदी शेवटी आलं, दिग्दर्शकाचा जीव टांगणीला. तिकीट 500 रुपयांपर्यंत ठेवलं तर जीएसटी लागत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत तारीख मिळाली तरी घेऊ नका, सगळं गाव होम मैदानावर असतं. आम्ही मैफल म्हणूनच महिनाअखेरीला ढकलली, आणि तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातून इतकी मंडळी आली की मागच्या रांगांत खुर्च्या टाकाव्या लागल्या. हो, आणि सभागृह सत्रावर मिळतं. नेपथ्य उभारणं, प्रकाशयोजना लावणं, सगळं त्याच सत्रात धरतात. रात्रीच्या प्रयोगाला दुपारचं सत्रही घेतलं नाही तर तिसरी घंटा होईपर्यंत सुतार रंगमंचावरच असतो.

हाती आले ते नऊ हजार चारशे. सहाशे कापले, कारण "रंगमंचावर खिळे ठोकले". आमच्या बालनाट्यात मागे रंगवलेला एक पडदा होता, तोही दोरीने बांधलेला. बाकी प्रयोगांत लेव्हल्स (लाकडी चौथरे) नुसत्या ठेवल्या होत्या. प्रयोगानंतर रिकाम्या रंगमंचाचा फोटो काढून ठेवायला हवा होता. तक्रार लिहून तयार होती, पण ती द्यायला पुन्हा त्याच खिडकीशी जायचं होतं. दिली नाही.