बाबांचा स्वेटर

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

आजचा दिवस पाण्यात गेला. आठ उंदरांपैकी एकाचाही डेटा धरण्यासारखा नाही.

सकाळी पाऊस, माझं जर्किन दोरीवर ओलंच. म्हणून खुंटीवरचा बाबांचा स्वेटर घातला, जो ते रोज सकाळी फिरायला जाताना घालतात. वर ॲप्रन चढवला आणि लॅबच्या ॲनिमल हाऊसला, म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवतात तिथे, पोचले. उंदरांना दोन महिन्यांपासून माझी सवय आहे. काम सोपं: अमाइल ॲसिटेटचा, म्हणजे साधारण पिकल्या केळ्याचा वास आला की नळी चाटायची, पाण्याचा थेंब मिळतो, दुसरा वास आला की गप्प बसायचं. परवापर्यंत दहातल्या नऊ वेळा बरोबर करणारे हे पठ्ठे आज हातात घेतानाच आकसले. चाटणं राहिलं बाजूला, नुसत्या लेंड्या. त्या मोजल्यासुद्धा, कारण उंदीर किती घाबरलाय याचं ते जुनं माप आहे.

आमची सीनियर आली, माझ्या खांद्याशी वाकली आणि म्हणाली, "हे कुणाचं घातलंयस?"

मॅकगिल विद्यापीठातला 2014चा पेपर मी वाचला होता. एकदा नाही, दोनदा. पुरुष संशोधक खोलीत असला की उंदरांना ताण येतो आणि त्या ताणाने त्यांची वेदना दबते. माणूसही लागत नाही, त्याने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी पुरतो. सेमिनारमध्ये मीच यावर हसून बोलले होते! आता एका सकाळीवरून काही सिद्ध होत नाही. कदाचित लोकरच नवी वाटली असेल, कदाचित पावसाचा आवाज. पण वहीत मी "स्वेटर" असंच लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात.

दुपारभर मायक्रोस्कोपपाशी बसले, पण डोक्यात तेच. उंदराच्या नाकात वास पकडणारे साधारण हजार प्रकारचे रिसेप्टर. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी 1991मध्ये शोधली, 2004मध्ये नोबेल मिळालं. नाकातली एक पेशी एकच प्रकार बाळगते. मजा पुढे आहे. एकाच प्रकारच्या हजारो पेशी नाकात विखुरलेल्या असतात, पण त्यांचे तंतू ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या पहिल्या ठाण्यात, ठरल्या एक-दोन ठिपक्यांत, ग्लोमेरुलसमध्ये, येऊन मिळतात. स्वारगेटला साताऱ्याची माणसं कुठल्याही पेठेतून आली तरी एकाच फलाटाशी गोळा होतात, तसं. काप नीट पडला की ते गोल इतके देखणे दिसतात की मी उगाचच फोटो काढत बसते.

तिथून निरोप पुढे नेतात त्या मायट्रल पेशी. डोळ्यांचा, कानांचा निरोप कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, जाताना आधी थॅलॅमस या मधल्या ठाण्याच्या दारात थांबतो; वास मात्र थेट आत घुसतो. आणि तिथे वाटा फुटतात. एकाच ग्लोमेरुलसमधून निघालेले तंतू पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, म्हणजे कॉर्टेक्सच्या वास ओळखणाऱ्या भागात, मूठभर मोहरी फेकावी तसे पसरतात, त्यात काही नक्षी सापडत नाही. तेच तंतू अमिग्डालाच्या, म्हणजे भीतीशी जोडलेल्या मेंदूच्या भागाच्या, कॉर्टेक्सकडच्या बाजूला ठरावीक जागी जातात, आणि उंदीर बदलला तरी ती जागा जवळपास तीच. ॲक्सेलच्याच गटाने 2011मध्ये हे दाखवलं. मी ते असं समजून घेते: केळ्याचा वास म्हणजे पाणी, हे मी शिकवलेलं पहिल्या वाटेवर लिहिलं जातं, कोल्ह्याचा वास म्हणजे पळ, हे दुसऱ्या वाटेवर जन्माआधीच लिहून आलेलं असतं.

टोकियोच्या गटाचा 2007चा प्रयोग तर मला अजून पुरता पचलेला नाही. त्यांनी नाकाच्या वरच्या पट्ट्यातल्या पेशी नाहीशा केलेले उंदीर तयार केले. त्यांना कोल्ह्याच्या विष्ठेतल्या रसायनाचा वास येत होता, दुसऱ्या वासांपासून वेगळाही ओळखता येत होता. फक्त भीती वाटत नव्हती. शिक्षा देऊन शिकवलं तर मात्र त्याच वासाला घाबरायला शिकले. म्हणजे माहिती शाबूत, दचकणं गायब. माझे आठजण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले, कोल्हा काय, साधी मांजरही न पाहिलेले. त्यांचं दचकणं अगदी जागेवर आहे.

जेवताना घरी सांगितलं. आई हसून हसून बेजार. बाबा जरा दुखावलेच. "म्हणजे मी काय बोका आहे का?" मी म्हटलं, बाबा, तुमचं एकट्याचं नाही, पुरुषाच्या काखेतल्या घामातली काही रसायनंच तशी आहेत. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. ते उठून आंघोळीला गेले, रात्री नऊ वाजता.

उद्यापासून ॲप्रनखाली एकच ठरलेला कुडता, आणि सुरुवातीला अर्धा तास नुसतं बसून राहायचं. आजची नोंद रद्द न करता वेगळी ठेवायची.

आत्ता स्वेटर नाकाशी धरून पाहिला. माणसाकडे चालू स्थितीतले रिसेप्टर चारशेच्या आसपास. मला ओल्या लोकरीचा वास आला, बाकी काही नाही.